वॉट्सचं तीन टन भंगार

११ ऑगस्ट १९६५च्या संध्याकाळी लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स वस्तीजवळ पोलिसांनी एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी अडवली. बाचाबाची झाली, गर्दी जमली आणि पुढचे सहा दिवस वस्ती पेटलेली राहिली. ३४ माणसं मेली, हजाराहून जास्त जखमी झाली. १०३व्या रस्त्यावर इतकी दुकानं जळाली की त्याला ‘कोळसा गल्ली’ असं नाव पडलं.

ठिणगी त्या संध्याकाळची असली तरी राग जुना होता. बेकारी होती, पोलिसांची दंडेली होती. घरं विकताना किंवा भाड्यानं देताना वंशभेद करायला मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आदल्याच वर्षी मोडीत काढला होता.

याच वस्तीत नोआ प्युरिफॉय मुलांसाठी कलाकेंद्र चालवत होता. शेजारीच वॉट्स टॉवर्स उभे होते. सायमन रोडिया या इटालियन मजुरानं फुटक्या फरशा, बाटल्या आणि शिंपले वापरून ३३ वर्षं एकट्यानं रचलेले हे मनोरे. टाकाऊ वस्तूंतून काय उभं राहू शकतं, ते प्युरिफॉयला रोज दिसत होतं.

राख अजून गरम असतानाच तो आणि जडसन पॉवेल हा कलाकार मित्र ढिगाऱ्यांत शिरले. वस्तीतले भंगारवाले वेचत होतेच, तसेच हेही वेचू लागले. जळकं लाकूड, वाकलेलं लोखंड, वितळून पुन्हा गोठलेल्या निऑन पाट्या असं तीन टन सामान जमलं. त्याचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. येता-जाता जळकट वास मात्र यायचा.

त्यातून १९६६ साली ‘सिक्स्टी-सिक्स साइन्स ऑफ निऑन’ हे प्रदर्शन तयार झालं. इतर कलाकारही सामील झाले. ते पहिल्यांदा मांडलं गेलं वॉट्समधल्याच एका शाळेत. म्हणजे ज्यांची दुकानं आणि गल्ल्या जळल्या होत्या, त्यांनीच ते आधी पाहिलं. बाहेरच्यांसाठी वॉट्स म्हणजे आकडे आणि धुराचे फोटो. इथं मात्र ओळखीच्या दुकानाची पाटी वेगळ्या रूपात समोर होती. पुढे काही वर्षं हे प्रदर्शन विद्यापीठांतून फिरलं.

त्यातल्या बहुतेक कलाकृती आज उरलेल्या नाहीत. प्युरिफॉयच्या लेखी वस्तू जपण्यापेक्षा त्या वस्तूमुळे माणसं एकमेकांशी बोलू लागणं महत्त्वाचं होतं. म्हणूनच पुढे त्यानं कलानिर्मिती बाजूला ठेवून कॅलिफोर्निया आर्ट्स कौन्सिलमध्ये ११ वर्षं काम केलं. शाळा आणि तुरुंगांपर्यंत कला पोचवायची खटपट केली. १९८९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, तो जोशुआ ट्रीच्या वाळवंटात राहायला गेला आणि २००४मध्ये मरेपर्यंत उघड्यावर भंगाराची शिल्पं रचत राहिला. ऊन-वारा त्यांना झिजवतो आहे, आणि त्याची त्याला हरकत नव्हती.

मनोऱ्यांशेजारचं वॉट्समधलं ते कलाकेंद्र मात्र अजून चालू आहे.