द्राक्षावरील केवडा व भुरी : दोन रोग, दोन वेगळी कुळे

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवड भागात ऑक्टोबर फळछाटणीनंतर पाऊस झाला किंवा दहिवर पडले की केवड्याची भीती असते. पुढे ढगाळ हवेत भुरी येते. दोन्ही रोगांना आपण सरसकट ‘बुरशी’ म्हणतो आणि दुकानात ‘बुरशीनाशक’ मागतो. मात्र जीवशास्त्राच्या दृष्टीने हे दोन रोगकारक एकमेकांपासून फार दूरचे आहेत. हा फरक लक्षात न घेतल्यास फवारणी वाया जाते आणि घड हातचा जातो.

जीवसृष्टीतील स्थान

पृथ्वीचे वय सुमारे 450 कोटी वर्षे आहे. किमान 350 कोटी वर्षांपूर्वी येथे साधे एकपेशीय जीव होते. बऱ्याच काळानंतर एका पेशीत एक जिवाणू सामावला गेला आणि त्यापासून पेशीला ऊर्जा देणारी तंतुकणिका तयार झाली. अशा पेशींपासूनच पुढे वनस्पती, प्राणी, बुरशी व शेवाळांचे अनेक गट निर्माण झाले.

- भुरी (एरिसिफी निकेटर) : ही खरी बुरशी आहे. पेशीभित्तिका कायटिनची, तर पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते. बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहे.
- केवडा (प्लास्मोपारा व्हिटिकोला) : हा बुरशीसारखा दिसतो, पण तपकिरी शेवाळ व डायटम यांच्या कुळातील आहे. पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असते. तो एर्गोस्टेरॉल तयार करत नाही.

औषध निवडताना याचा उपयोग

- हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल यांसारखी ट्रायझोल गटातील औषधे एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखतात. म्हणून ती भुरीवर चालतात, केवड्यावर नाही.
- मेटॅलॅक्झिल, डायमेथोमॉर्फ ही औषधे केवड्याच्या कुळावर काम करतात. भुरीसाठी त्यांचा उपयोग नाही.
- ॲझॉक्सिस्ट्रोबिन तंतुकणिकेचे काम बंद पाडते. तंतुकणिका दोन्ही कुळांत असल्याने ते दोन्ही रोगांवर चालते. मात्र ते एकाच ठिकाणी घाव घालते, त्यामुळे वारंवार वापरल्यास रोगकारकात प्रतिकारशक्ती तयार होते. गट बदलून फवारणी करावी.
- गंधक भुरीसाठी वापरावे. तापमान 35 अंश सेल्सिअसच्या वर असताना फवारू नये, पाने व मणी करपतात.
- ताम्रयुक्त औषधे केवड्यासाठी जुनी व भरवशाची आहेत. हा रोग अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला आणि 1878 मध्ये तेथे आढळला. 1885 मध्ये मिलार्दे यांनी त्यावर बोर्डो मिश्रणाचा उपाय प्रसिद्ध केला. एक टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी घ्यावे. कोवळ्या फुटीवर हे मिश्रण इजा करू शकते.

रोग कसा ओळखाल?

केवड्यात पानाच्या वरच्या बाजूस तेलकट पिवळे डाग व खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते. त्याचे चलबीजाणू पाण्यात पोहतात व पर्णरंध्रांतून आत शिरतात, म्हणून पान ओले राहणे त्याला आवश्यक असते. पर्णरंध्रे मुख्यतः पानाखाली असल्याने फवारा खालूनही बसला पाहिजे.

भुरीची राखाडी पूड पानाच्या दोन्ही बाजूंना व मण्यांवर येते. तिला साचलेले पाणी लागत नाही. ढगाळ, दमट हवा आणि दाट कॅनॉपी पुरेशी असते.

शंका असल्यास संशयित पान ओल्या कागदासोबत प्लास्टिक पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी वाढ दिसली तर तो केवडा समजावा.

बागेची परिसंस्था सांभाळा

- बगलफुटी वेळेवर काढून हवा खेळती ठेवावी. रोगट पाने व घड बागेबाहेर नेऊन नष्ट करावेत.
- अँपेलोमायसेस ही बुरशी भुरीवर जगते. ट्रायकोडर्माही खरी बुरशीच आहे. त्यामुळे ही जैविके ट्रायझोल, गंधक किंवा ताम्रयुक्त औषधांत मिसळू नयेत. दोन फवारण्यांत अंतर ठेवावे.
- निर्यातीच्या बागेत राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, मांजरी (पुणे) यांच्या परिशिष्ट 5 मधील औषधेच वापरावीत. मात्रा व काढणीपूर्व कालावधी त्यानुसार पाळावा.

पुढच्या वेळी दुकानात फक्त ‘बुरशीनाशक’ न मागता रोगाचे नाव सांगा आणि डब्यावरील घटक व शिफारस वाचूनच औषध घ्या.