पाण्याची वाट आणि घराचा परवाना

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपले की माणूस फराळाच्या ताटाकडे वळतो. मोरीतून गेलेल्या पाण्याची त्याला पुन्हा आठवण होत नाही. ते पाणी तरी हंड्या-कळशीने मोजून घेतलेले असते. आभाळातून न मोजता पडणारे पाणी एकदा पागोळ्यांवाटे अंगणात उतरले की त्याची चौकशी कोण करतो? परंतु शहरांचा इतिहास राजवाड्यांनी जितका घडविला तितकाच गटारांनीही घडविला आहे. मोहेंजोदडोच्या गल्ल्यांतून विटांची बांधीव गटारे सापडली आणि घराघरांतल्या न्हाण्या त्यांना जोडलेल्या आढळल्या. घर बांधायचे तर पाण्याची वाट आधी ठरवावी, ही रीत चार हजार वर्षांहून जुनी आहे. मुंबईत या रीतीचा कायदा कसा झाला आणि कायदा होऊनही पाणी का तुंबले, याची ही हकीकत.

मुंबई ही मूळची सात बेटांची. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडीतून भरतीचे पाणी आत शिरे आणि भायखळ्यापर्यंतची सखल जमीन बुडवून टाकी. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याने या खिंडीवर बांध घालण्याचे काम काढले. ते १७८४ च्या सुमारास पुरे झाले. बांध पुन:पुन्हा ढासळे. अखेर रामजी शिवजी या प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती निघाल्या, महालक्ष्मीचे देऊळ झाले आणि मगच बांध टिकला, अशी आख्यायिका आहे. तिच्यातला खरेखोटेपणा बाजूला ठेवू. बांध टिकला, समुद्र मागे हटला; पण त्यामुळे आतली जमीन काही उंच झाली नाही! ताडदेव, कामाठीपुरा, भायखळा या भागांत पुढे चाळी उठल्या, गिरण्या उठल्या. खालची भुई सखलच राहिली. भरतीच्या वेळी बाहेरचा समुद्र वर आणि आतली वस्ती खाली. ज्या बांधाने समुद्राला आत येऊ दिले नाही, त्यानेच पावसाच्या पाण्याची बाहेरची वाट अरुंद केली.

अशा या शहराला १८८८ साली म्युनिसिपालिटीचा कायदा मिळाला. सर फिरोजशहा मेहतांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले आहे. त्याच्या ३३७ व्या कलमाप्रमाणे घर बांधू इच्छिणाऱ्याने कमिशनरला आधी लेखी सूचना द्यावयाची. २३४ वे कलम त्याहून रोखठोक. गटाराची सोय झाल्यावाचून नवे घर बांधता येणार नाही, आणि बांधले तरी त्यात राहता येणार नाही. गटार केवढे, कशाचे, किती उताराचे, हे कमिशनर ठरवील. मुंबईत माणसाने कोठे राहावे हे त्याच्या पैशावर ठरत असेल; पण राहावे की नाही, हे त्याच्या मोरीवर ठरू लागले.

बांधकामाचा हा परवाना येतो तोही मोठ्या गमतीच्या रूपाने. त्याला म्हणतात ‘आयओडी’, म्हणजे चक्क नापसंतीची सूचना! अमुक केले नाही, तमुक केले नाही, तोवर तुमचे बांधकाम आम्हांस पसंत नाही, अशी नकारांची लांबलचक यादी हाती पडली की घरमालक पेढे वाटतो. या यादीत पिढ्यान्‌पिढ्या एक अट छापली जात आली. जमीन सखल असेल तर मुरूम-माती घालून ती ९२ फुटांच्या पातळीपर्यंत किंवा शेजारच्या रस्त्याहून ६ इंच वर, यांपैकी जे अधिक भरेल तेथवर उचलावी आणि तिला रस्त्याकडे उतार द्यावा. (हे ९२ फूट समुद्रापासूनचे नव्हेत, टाउन हॉलच्या खुणेवरून चालत आलेल्या मोजणीतले आहेत.)

अट वाचताना शहाणपणाची वाटते, आणि एका घरापुरती ती शहाणपणाचीच आहे. पण एकामागून एक अशी शंभर घरे उचलली गेली म्हणजे काय होते? प्रत्येकाचे पाणी रस्त्यावर येते. डांबराचे थर चढून रस्ताही उंच होतो, आणि मग पुढचे घर त्या उंच रस्त्याहून ६ इंच वर! या चढाओढीत ज्याला उठता येत नाही तो कोण? पन्नास-साठ वर्षांपूर्वी बांधलेल्या चाळीतला तळमजल्याचा बिऱ्हाडकरू. त्याच्याही घराला एके काळी परवाना मिळाला होता, त्याचीही मोरी साहेबाने तपासली होती. त्याने नियम मोडलेला नाही. शेजाऱ्यानेही मोडलेला नाही. तरी पाणी येते ते त्याच्याच उंबऱ्यावरून आत.

आता शाळेतल्या मुलांनाही सुटेल असे एक गणित पाहू. मुंबईची जुनी पर्जन्य-गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने, तीही ओहोटीची वेळ धरून बांधलेली होती. आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरले होते. १,००० चौरस मीटरांच्या आवारावर एवढा पाऊस पडला तर २५,००० लिटर पाणी होते. त्यातले गटारात यायचे १२,५००. उरलेले निम्मे पिणार कोण, तर शेते, वाड्या, खाजणे आणि अंगणे. परंतु प्रत्येक नव्या परवान्याने त्या पिणाऱ्या भुईवर फरशी बसविली. १९८५ च्या पावसाने शहराची दैना झाल्यावर तज्ज्ञ नेमले गेले; त्यांचा अहवाल १९९३ साली आला. त्यांनी धरलेला हिशोब ताशी ५० मिलिमीटरांचा, आणि मुरणारे पाणी शून्य! म्हणजे त्याच आवारातून ५०,००० लिटर, पूर्वीच्या चौपट. शहराची भुई तहान विसरली, याची ही जणू सरकारी कबुलीच.

अहवालाप्रमाणे कामे रेंगाळत असतानाच २६ जुलै २००५ उजाडला. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच दुपारी समुद्रालाही भरती होती. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस होता अवघा ७३ मिलिमीटरांच्या आसपास. विहार-पवईकडून येऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी भरावाने आणि बांधकामांनी आवळलेली होती. ती आपली जुनी जागा मागत घराघरांत शिरली. शेकडो माणसे दगावली. एवढा पाऊस कोणत्याही गटाराने पेलला नसता हे खरे. पण नदीचे पात्र आवळण्याचे काम काही पावसाने केलेले नव्हते.

त्यानंतर हाजी अली, इर्ला येथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी मोठी केंद्रे उभी राहिली, इतरही झाली. परंतु मला अधिक मोलाची वाटते ती एक साधी अट. २००२ पासून मुंबईत १,००० चौरस मीटरांहून मोठ्या भूखंडावरील नव्या इमारतींना पावसाचे पाणी आवारातच साठविणे किंवा मुरविणे बंधनकारक झाले. अलीकडे परळ-दादरच्या सखल भागातही, हिंदमाता परिसराचे पाणी भरती ओसरेपर्यंत धरून ठेवण्यासाठी, मैदान-उद्यानांखाली प्रचंड टाक्या बांधल्या गेल्या.

वाचकहो, १८८८ च्या कायद्याने घरमालकाला विचारले होते, “तुझे पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाणार?” त्या प्रश्नाने मुंबई राहण्याजोगी झाली, हे विसरून चालणार नाही. पण त्याचे उत्तर कुंपणापाशी संपत होते. नव्या अटीचा प्रश्न निराळा आहे: “तुझ्या पाण्यापैकी किती तू आपल्यापाशी ठेवशील?” नवे घर बांधताना नकाशावर सही घेण्यापूर्वी जोत्याची उंची जरूर पाहावी, त्याचबरोबर गल्लीत सर्वांत खाली राहणाऱ्या बिऱ्हाडाचा उंबराही एकदा जाऊन पाहावा. परवान्याच्या कागदावर त्याच्यासाठी रकाना नाही; तो आपला आपणच आखून घ्यावा लागेल.