खैरलांजी : शवविच्छेदनाच्या टेबलावरची जात

वरठीकरांना खैरलांजी परकी नाही. दोन्ही गावे मोहाडी तालुक्यातलीच. 29 सप्टेंबर 2006 रोजी तिथे जमावाने भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या केली. पहिल्या शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची तपासणी धड झालीच नाही. मग प्रेते उकरून पुन्हा तपासली, तोवर शरीरे कुजली होती. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही म्हटले आणि सहा फाशींचे 25 वर्षांच्या कैदेत रूपांतर केले. आम्ही विचारतो, डॉक्टरने जे लिहिलेच नाही ते न्यायाधीश कुठून वाचणार? हिंसक मृत्यूची नोंद हे आरोग्य खात्याचेही काम आहे, एकट्या पोलिसांचे नव्हे. मित्रांनो, मोर्चा नंतर काढू. आधी त्याच दिवशी चित्रीकरणासह शवविच्छेदनाचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या.