टेकोडे आणि पाचपट्टी खार

पांढरकवडा (केळापूर) तालुका आणि लगतच्या टिपेश्वर अभयारण्याच्या टापूत पावसाळ्यात भेटणारे दोन जीव. शास्त्रीय नावे: टर्मिटोमायसिस हायमी (नामकरण 1979) आणि फुनॅम्बुलस पेनांटी (1905).

टेकोडा ही वाळवीने पोसलेली बुरशी. खाल्लेल्या लाकूडपाल्याच्या विष्ठेतून वाळवी जमिनीखाली पोळ्यासारखे मळे रचते. बुरशी त्यातले लिग्निन फोडते आणि वाळवीला पचेल असे अन्न तयार होते. शेतीच ही, माणसाच्या शेतीहून कोट्यवधी वर्षे जुनी! माती नीट भिजली की मुळासारखा लांब देठ वारुळातून वर येतो, छत्री उघडते आणि एक-दोन दिवसांत कुजू लागते. त्यामुळे टेकोडे शोधणाऱ्याला भल्या सकाळीच निघावे लागते.

खार बारमाही दिसते. पाठीवर पाच फिकट पट्टे, घरटे झाडावर. थंड प्रदेशांतल्या अनेक भूखारी बिळात शीतनिद्रा घेतात. हिला तशी सवय नाही.

नवल पुढेच आहे. भाजीत शिजणारा टेकोडा वंशवृक्षावर झाडापेक्षा खारीच्या जवळचा. वनस्पती ऊर्जा स्टार्चच्या रूपात साठवतात; बुरशी आणि खार, दोघीही ग्लायकोजेनच्या.