शिपायाचे मोल : वऱ्हाड आणि गृहरक्षक दल

वऱ्हाडच्या अर्वाचीन इतिहासाचा प्रारंभ एका फौजेच्या थकलेल्या पगारातून झाला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. निजामाच्या नावाने उभी असलेली, परंतु इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची ‘हैदराबाद कंटिन्जंट’ ही ती फौज. तिच्या खर्चापोटी निजामावर कर्ज साचत गेले आणि १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा महसूल इंग्रजांकडे लावून देण्यात आला. त्यातून किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने राखावयाचे होते. एलिचपूरच्या छावणीतला शिपाई वऱ्हाडी रयतेच्या सारेपट्टीवर जगत होता. त्या रयतेला मात्र तो कोणत्याही अर्थाने उत्तरदायी नव्हता. १९०२ मध्ये सालिना पंचवीस लाखांच्या मोबदल्यात वऱ्हाड इंग्रजांकडे कायमचे आले, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले आणि कंटिन्जंट हिंदी सैन्यात विलीन झाली.

रयतेने स्वतः शस्त्र धरावे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. इंग्रजी अमदानीतील ‘व्हॉलंटियर’ पलटणी प्रायः युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांच्या होत्या. हिंदी माणसाला स्वयंसैनिक होऊ द्यावे, ही मागणी काँग्रेसने आपल्या आरंभीच्या अधिवेशनांतच केली होती. १९२० मध्ये हिंदी लोकांसाठी प्रादेशिक सेना निघाली, तरी युरोपीयांचे सहायक दल वेगळेच ठेवण्यात आले. या पार्श्वभूमीवर अमरावतीत १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे पाहावयास हवे. सरकारने न दिलेली शिस्त समाजाने आखाड्यात शोधली, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

६ डिसेंबर १९४६ रोजी, जातीय दंगलींच्या काळात, मुंबईत गृहरक्षक दलाची, म्हणजेच होमगार्डची, स्थापना झाली. मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री होते. १९४७ मध्ये मुंबई प्रांताने या दलाचा कायदा केला आणि त्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडानेही आपला स्वतंत्र होमगार्ड कायदा केला. अमरावती-अकोल्याच्या होमगार्डची वंशावळ मुंबईची नसून नागपूरची आहे, हे आपण सहसा विसरतो.

या कायद्याचे महत्त्व पैनगंगेच्या पलीकडे पाहिल्यावर कळते. निजामाचे वऱ्हाडवरील नाममात्र स्वामित्व इंग्रजांनी मान्य केलेले होते. १९३६ च्या करारानंतर त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही होता. त्या वेळच्या अकोला जिल्ह्यात वाशीमचा समावेश होता आणि त्याची दक्षिण सीमा हैदराबाद संस्थानाला भिडत होती. त्या संस्थानात कासीम रझवीचे रझाकार उभे होते. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘स्वयंसेवक’! कोशात समानार्थी ठरणारे हे दोन शब्द मराठी मनात मात्र परस्परविरोधी झाले. दोघेही स्वेच्छेने गणवेश चढविणारे, दोघेही स्वतःला रक्षक म्हणविणारे. भेद होता तो उत्तरदायित्वाचा. एक कायद्याने बांधलेला होता. दुसरा एका पक्षाच्या आणि एका नेत्याच्या शब्दाने. सप्टेंबर १९४८ च्या कारवाईनंतर रझाकार संघटना संपली. शब्दावरचा डाग मात्र राहिला.

१९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि वऱ्हाड मुंबई राज्यात आले. सातपुड्यापलीकडे हेच दल हिंदीत ‘नगरसेना’ म्हणून ओळखले जाते; आपण ‘गृहरक्षक’ म्हणतो. एका नावात सेना आहे, दुसऱ्यात घर. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने राज्याराज्यांतील अशा स्वयंसेवी संघटना ‘होमगार्ड’ या एका छत्राखाली आणण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्रात या दलाचा प्रमुख महासमादेशक असतो, जिल्ह्यात जिल्हा समादेशक आणि त्याखाली तालुक्यांची पथके. समादेशकपद पूर्वी प्रतिष्ठित नागरिकाला मानद म्हणून मिळे. आता बहुतेक ठिकाणी ते अपर पोलीस अधीक्षक सांभाळतात. सदस्यत्व तीन वर्षांचे असते आणि ते पुढे वाढविता येते.

दलाचे ब्रीद ‘निष्काम सेवा’. गीतेच्या परंपरेतला हा शब्द सरकारी दप्तरात गेला, की त्याचे काय होते? नोकरी-धंदा सांभाळून फावल्या वेळात सेवा देणारा सुस्थित नागरिक, ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात निवडणूक, गणेशोत्सव, यात्रा यांच्या बंदोबस्ताला उभा राहणारा गृहरक्षक पुष्कळदा अल्पभूधारक वा बेरोजगार तरुण असतो. बंदोबस्ताचा दिवस हाच त्याच्या मिळकतीचा दिवस. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातील गृहरक्षकांच्या प्रकरणात निर्णय दिला. हे स्वयंसेवक आहेत, म्हणून त्यांना कायम नोकरीचा हक्क नाही; मात्र तीस दिवसांचा भत्ता पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका भरला पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये दैनिक कर्तव्यभत्ता ५७० वरून १०८३ रुपये करण्यात आला. दर वाढला, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु महिन्यातून किती दिवस बोलावणे येईल, याची हमी त्या दरात नाही.

१८५३ मध्ये शिपायाच्या पगारासाठी एक अख्खा प्रांत लावून दिला गेला. शंभर वर्षांनी त्याच प्रांतात शिपायाने निष्काम असावे, असे आपण म्हणू लागलो. पैनगंगेकाठच्या इतिहासाने एवढे शिकविले, की कायद्याविना स्वयंसेवक भयंकर ठरतो. त्याची दुसरी बाजू अद्याप शिकावयाची आहे. निष्कामता हा सेवकाने स्वतःहून स्वीकारावयाचा गुण आहे. सेवा घेणाऱ्याने तो मागावयाचा नसतो. ‘वेतन’ टाळून ‘मानधन’ म्हटल्याने धनाची उणीव मानाने भरून निघत नाही.