पै-पैची बँक काढणाऱ्या मॅगीबाई

महिन्याच्या बैठकीला आपण सतरंजीवर गोल बसतो, हप्ते गोळा होतात, सचिव वही वाचून दाखवते. मग एखादी नवी बाई हळूच विचारतेच, "माझे पैसे बुडणार तर नाहीत ना?" यात रागावण्यासारखं काही नाही. पतपेढी बुडाल्यावर पासबुक घेऊन हेलपाटे घातलेली माणसं आपल्या सगळ्यांच्याच ओळखीत आहेत. आज अशा एका बाईंची गोष्ट सांगणार आहोत, ज्यांना या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं रोज द्यावं लागलं. गाव दूरचं, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं रिचमंड. नाव मॅगी लेना वॉकर. आपण त्यांना मॅगीबाईच म्हणू.

मॅगीचा जन्म 1864 चा. तिची आई एलिझाबेथ काळ्या वर्णाची, आधी गुलामगिरीत राहिलेली, एका श्रीमंत घरी स्वयंपाकाला होती. मॅगी लहान असतानाच, 1876 मध्ये, सावत्र वडिलांचं प्रेत नदीत सापडलं. पदरात दोन लेकरं. आईने गोऱ्या लोकांचे कपडे धुवायला घेतले, आणि धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या घरोघर पोचवायचं काम मॅगीकडे आलं. घर कसं चालतं, हे ती त्या टोपलीखाली शिकली.

चौदाव्या वर्षी ती 'सेंट ल्यूक' नावाच्या मंडळात गेली. हे मंडळ 1867 मध्ये बाल्टिमोर शहरात मेरी प्राउट या बाईंनी सुरू केलं होतं. सभासदांनी थोडी थोडी वर्गणी द्यायची, कुणी आजारी पडलं तर मदत करायची, कुणी गेलं तर अंत्यविधीचा खर्च मंडळाने उचलायचा. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना दुसरा आधार होता कुठे? मॅगी शिकली, तीन वर्षं शाळेत शिकवलं. 1886 मध्ये लग्न झालं आणि नोकरी गेली, कारण लग्न झालेल्या बाईने शिकवायचं नाही असा तिथला नियम. (पुरुषांना असा नियम नव्हता, हे वेगळं सांगायला नको.) मग सगळा वेळ मंडळाला.

1899 मध्ये मॅगीबाई मंडळाच्या मुख्य सचिव झाल्या तेव्हा तिजोरीत होते 31 डॉलर 61 सेंट. सेंट म्हणजे त्यांचा पैसा, शंभर सेंटचा एक डॉलर. वर देणी होती ती वेगळीच. त्यांना पगार ठरला महिना 8 डॉलर.

दोन वर्षांनी त्यांनी मंडळाच्या अधिवेशनात मांडलं की आपण आपली बँक काढू. आपल्या बाया दिवसभर गोऱ्यांच्या घरी राबतात, मिळालेला पैसा गोऱ्यांच्याच बँकेत जातो आणि आपल्याला त्यातून कर्ज मिळत नाही. तो पैसा आपल्याच माणसांत फिरू दे.

पण लोकांच्या मनात जुनी जखम होती. गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी 1865 मध्ये 'फ्रीडमन्स' नावाची बचत बँक निघाली होती. तिच्या मागे सरकार आहे असंच सगळे धरून चालले होते. 1874 मध्ये ती बुडाली आणि हजारो गरिबांची पुंजी गेली. अशा लोकांना पुन्हा "पैसे ठेवा" म्हणायचं तर कुठल्या तोंडाने?

मॅगीबाईंनी आधी स्वतः काम शिकून घेतलं. शहरातल्या एका गोऱ्यांच्या बँकेत त्या काही महिने रोज दोन-तीन तास बसायच्या, खतावणी कशी लिहितात, तिजोरी कशी मिळवतात ते बघायच्या. आम्हाला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यांत आवडतो. वय चाळिशीच्या जवळ, मुख्य सचिवपद हातात, तरी शिकायला दुसऱ्याच्या बाकावर बसल्या.

2 नोव्हेंबर 1903 ला 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली. पेनी म्हणजे एक सेंटचं नाणं. नावातच सांगितलं होतं, तुमचा एक पैसाही इथे चालेल. पहिल्या दिवशी नऊ हजार डॉलरहून जास्त रक्कम आली. एकाने खातं उघडलं ते फक्त 31 सेंटवर. संचालक मंडळावर बायाही होत्या. मुलांना गल्ल्यासारखे छोटे डबे दिले, शंभर पेन्या साठल्या की मुलाच्या नावावर खातं. अमेरिकेत बँकेची सनद घेऊन तिच्या अध्यक्ष झालेल्या मॅगीबाई या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

सगळंच जमलं असं नाही. 1905 मध्ये मंडळाने मोठं दुकान काढलं, आपल्याच पोरींना विक्रीच्या नोकऱ्या मिळाव्यात म्हणून. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकी करून घाऊक माल मिळू नये अशी खटपट केली. पण आपलीच माणसं तिकडे फार फिरकली नाहीत, हेही खरं. सहा-सात वर्षांत दुकान बंद पडलं.

त्याच सुमारास, 1910 मध्ये, रिचमंडमधली 'ट्रू रिफॉर्मर्स' या दुसऱ्या मंडळाची बँक बुडाली. मंडळाच्याच उद्योगांना तारण न घेता कर्ज दिलं होतं आणि आत अफरातफरही झाली होती. यानंतर मॅगीबाईंच्या बँकेचा कारभार मंडळापासून वेगळा झाला. गटात बसणाऱ्या बायांनो, इथे जरा थांबा. "आपलंच आहे" म्हणून दिलेलं कर्ज सगळ्यांत आधी थकतं. मॅगीबाईंची बँक मात्र घरासाठी कर्ज देत राहिली, आणि 1920 पर्यंत सहाशेच्या आसपास कुटुंबांना स्वतःचं घर घेता आलं.

घरात मोठं दुःख झालं. 1915 मध्ये थोरल्या मुलाने चोर समजून गोळी झाडली, ती वडिलांना लागली. खटला चालला, मुलगा सुटला, पण घर उभं राहिलं मॅगीबाईंच्या कामावरच. पुढे पाय गेले. 1928 पासून चाकाच्या खुर्चीत. घरात लिफ्ट बसवली, मोटारीत खुर्ची चढेल अशी सोय करून घेतली आणि कचेरी चालू ठेवली.

मग 1929 ची मंदी आली आणि अमेरिकेत बँका धडाधड कोसळू लागल्या. मॅगीबाईंनी 1930 च्या सुमारास आपली बँक काळ्या लोकांच्याच आणखी दोन बँकांत मिळवून एक केली. जिच्यासाठी आयुष्य वेचलं त्या बँकेचं नाव पुसलं गेलं, अध्यक्षपद गेलं, त्या संचालक मंडळाच्या प्रमुख राहिल्या. आम्ही आपसांत बोललो, आपल्याकडे दोन गट एकत्र करायचे म्हटलं तरी कुणाचं नाव राहणार यावरून बैठका मोडतात. इथे ठेवीदारांचे पैसे वाचले. ती एकत्र झालेली बँक पुढे सत्तर वर्षांहून जास्त चालली.

15 डिसेंबर 1934 ला मॅगीबाई गेल्या. त्या दिवशीही मंडळाच्या मुख्य सचिव त्याच होत्या.