तसबिरीचा घोटाळा

वाशीच्या पालिका नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचं नाव आहे. भावे सांगलीचे. आणि ज्या ‘संशयकल्लोळ’ला अजून हमखास हशा येतो त्याचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल सांगलीशेजारच्या हरिपूरचे. नाटकाचं मूळ गाव मात्र पॅरिस.

मोलिएरनं १६६० साली तिथे ‘स्गानारेल’ रंगवलं. त्यावरून आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये लंडनसाठी ‘ऑल इन द राँग’ लिहिलं आणि मर्फीवरून देवलांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. गाठ तिन्हीकडे एकच. भर रस्त्यात तरुणीला घेरी येते, परका गृहस्थ तिला सावरतो, त्याची बायको खिडकीतून ते बघते. तणतणत खाली येते तर दोघंही गायब; तरुणीच्या हातून पडलेली प्रियकराची तसबीर तेवढी सापडते. ती न्याहाळत असतानाच नवरा मागे येऊन उभा. झालं! तिला नवऱ्याचं लफडं ‘कळलं’, त्याला बायकोचं. खरं लफडं कुठेच नाही.

देवलांनी नावं महिन्यांची आणि नक्षत्रांची घेतली: नवरा फाल्गुनराव, बायको कृत्तिका, प्रियकर अश्विनशेट, नोकर भादव्या. पण त्यांची खरी हुशारी घेरी येणाऱ्या तरुणीत, रेवतीत दिसते. मर्फीची बेलिंडा खानदानी घरची. १८९३ च्या महाराष्ट्रात तशा घरातली मुलगी इतकी मोठी होईस्तोवर बिनलग्नाची कुठून आणायची? आणि तीही प्रियकराची तसबीर घेऊन रस्त्यावर? देवलांनी तिला नायकिणीची लेक केली. अडचण सुटलीच, शिवाय अश्विनशेटाला संशय घ्यायला आयतं निमित्त मिळालं.

संशयाशी देवलांची ओळख जुनी होती. ‘ऑथेल्लो’वरून १८९० मध्ये ‘झुंझारराव’ लिहिलं ते त्यांनीच. तिथे एका रुमालापायी बायकोचा जीव जातो. इथे तसबिरीपायी नुसती फजिती.

गंधर्व नाटक मंडळीसाठी त्यांनी या गद्य नाटकात पदं घातली आणि १९१६ मध्ये ते ‘संगीत संशयकल्लोळ’ म्हणून रंगमंचावर आलं. रेवती बालगंधर्वांची, फाल्गुनराव गणपतराव बोडसांचा. त्याच वर्षी देवल गेले.

प्रयोगाला जाणार असाल तर पदं काय, पुढे भरपूर आहेत, असं म्हणून उशिरा पोहोचू नका. ती तसबीर या हातातून त्या हातात जाताना हुकली, तर बाकीचे लोक कशाला हसताहेत ते कळणार नाही.